आधी कोणी उघडलं होतं का?

काटेकाकांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शिरणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असे. "आधी कोणी उघडलं होतं का?"

आणि गिऱ्हाईक हमखास खोटं बोलायचं. "छे हो, कोणी हातसुद्धा नाही लावला!" मग काका डोळ्याला भिंग लावायचे, स्क्रूच्या खाचेतला ओरखडा शोधायचे आणि त्या माणसाची अशी खरडपट्टी काढायचे की बिचाऱ्याला पळता भुई थोडी व्हायची. "लपवून काय मिळतं हो तुम्हाला? आत काय सैल करून ठेवलंय ते मला कळायला नको?"

आता भिंग लावायच्या त्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. सेकंदकाटा दिसेनासा झाला होता. ऑपरेशन उद्या सकाळी. डोळा बिघडला तर दुकान बंद, आणि दुकान बंद झालं तर माणसाने दिवसभर करायचं काय? काकांना खरोखरच भीती वाटत होती.

दवाखान्याचा फॉर्म सुनेने भरला होता. "बाबा, दुसरी कुठली औषधं?" तिने विचारलं होतं. काका म्हणाले होते, "काही नाही."

होती ना! सहा महिने एक गोळी चालू होती, लघवीची. पण सुनेपुढे त्याबद्दल काय बोलायचं? शिवाय कुठे डोळा आणि कुठे ते!

त्या दुपारी गोळ्या संपल्या म्हणून काका औषधाच्या दुकानात गेले. गेल्या आठवड्यात स्टुलावरून झटकन उठताना त्यांचे डोळे फिरले होते, सुट्या भागांची बशी जमिनीवर सांडली होती. तेव्हापासून एक किडा डोक्यात वळवळत होता.

"ताई, गोळी खालची, मग चक्कर वर कशी येते?"

काउंटरमागच्या ताई हसल्या. "काका, मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट ग्रंथी असते, वयानुसार ती वाढते आणि वाट अडते. तिथल्या स्नायूंना नसांकडून सारखा निरोप जातो, आवळ, आवळ. हा निरोप जिथे पोहोचतो ती जागाच ही गोळी अडवते. स्नायू सैल पडतात, वाट मोकळी होते. प्रोस्टेट लहान होत नाही हां."

"म्हणजे स्प्रिंग तीच, नुसता ताण उतरला."

"अगदी! पण रक्तवाहिन्यांनाही तसाच निरोप जातो. त्याही सैलावतात, मग उठताना रक्तदाब पडतो. म्हणून आधी काठावर बसायचं, मग सावकाश उभं राहायचं. गोळी रोज एकाच जेवणानंतर. रक्तदाबाचं किंवा दुसरं कुठलंही औषध सुरू करताना हिच्याबद्दल सांगायचं. आणि काही दिवस खंड पडला तर मनाने परत सुरू नाही करायची, डॉक्टरांना विचारायचं."

दुसरा कोणी असता तर पिशवी उचलून निघाला असता. पण घड्याळजीच तो! एक चाक फिरताना दिसलं की पुढचं शोधणारच.

"आणखी कुठे कुठे जातो हो हा निरोप?"

"डोळ्यात," ताई म्हणाल्या. "बाहुली मोठी करणारा स्नायूही त्यातलाच. या गोळीमुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बुबुळाचा पडदा लुळा पडू शकतो, बाहुली मध्येच आक्रसते. सर्जनना आधी माहीत असलं तर ते तयारीनिशी बसतात. नसलं तर डोळ्याला इजा होऊ शकते."

काकांनी विचारलं, "आणि आजपासून बंद केली तर?"

"उपयोग नाही. परिणाम बंद केल्यावरही बराच काळ राहतो. शिवाय लघवी अडून बसली तर? बंद नका करू काका, सांगा."

घरी येईपर्यंत काका स्वतःवरच चिडले होते. चाळीस वर्षं लोकांना झापलं, आणि स्वतः काय केलं? तेच. झाकण लावून गप्प बसलो.

सकाळी सर्जनबाई फॉर्म वाचत होत्या. सून शेजारीच उभी होती. "दुसरी औषधं, काही नाही. बरोबर?"

काकांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, हे घड्याळ आधी उघडलंय."

सर्जनबाईंनी पाकीट वाचलं आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या. "बरं झालं बोललात. वेगळे थेंब लागतील, बाहुली धरून ठेवायला कडी तयार ठेवते. थोडा वेळ जास्त लागेल, इतकंच."

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "अहो बाबा, मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली गं," काका म्हणाले. सुनेने त्यांचा हात धरला.

महिन्याभराने दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने घड्याळ पुढे केलं. "नाही हो, कोणी हात नाही लावला."

काकांनी भिंग लावलं. ओरखडा लख्ख दिसत होता. त्यांनी भिंग काढलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," ते म्हणाले. "मी ओरडणार नाही. सांगा."