दोन सीटची गाडी

मासिकाच्या कचेरीत त्यांना सगळे डिकीकर म्हणायचे. खरं आडनाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. नवी गाडी परीक्षणाला आली की बाकीचे आधी ती किती पळते ते बघायचे. डिकीकर मात्र मागे जाऊन डिकी उघडायचे आणि आत डोकं घालायचे. चार बॅगा मावतात का, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दाराला अडतो का, गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं का, हे सगळं टेपने मोजून ‘घरात चालेल का?’ या सदरात लिहायचे. वीस वर्षं हेच चाललं होतं. तरुण मंडळी त्या सदराला हसायची, आणि स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली की गुपचूप तेच पान शोधायची.

म्हणूनच डिकीकरांनी ती विजेवरची लाल स्पोर्ट्स कार चार दिवसांसाठी मागितली, तेव्हा संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुम्ही? अहो, तिला दोनच सीट आहेत. तीन सेकंदांत शंभरचा वेग गाठते, त्या वेगाने भाजी आणायला जाणार का? घरात चालणार नाही हे मी इथे बसून सांगतो.”

“तेच मोजून लिहितो. रोजच्या वापराला कशी आहे हे कुणीच लिहीत नाही,” डिकीकर म्हणाले.

संपादकांना पटलं. डिकीकर आयुष्यात इतक्या सफाईने कधी खोटं बोलले नव्हते. तिचा वेग, तिची बॅटरी, तिचा रंग, कशाशीच त्यांना देणंघेणं नव्हतं. तीत तिसरं माणूस बसू शकत नाही, एवढाच तिचा गुण त्यांच्या कामाचा होता.

तिसरं माणूस म्हणजे त्यांची आई.

डिकीकरांचे वडील चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाशी आपला वेगळा ब्रेक, आणि तोंडाने सतत ‘आरसा बघ, आरसा बघ’. अर्ध्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं. आता ते सगळं विसरत चालले होते. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. एका सकाळी बायकोच ओळखू आली नाही. घरात कुणी परकी बाई शिरली म्हणून त्यांनी तिला ढकललं आणि तिचं मनगट मोडलं. तिने शेजारणींना सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. पंचाहत्तर वर्षांची ती, सत्तर किलोंचा नवरा, आणि मदतीला एकच मुलगा, तोही बिनलग्नाचा आणि दिवसभर बाहेर. दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या हातून मरणार हे डिकीकरांना स्पष्ट दिसत होतं.

अशा रुग्णांना सांभाळणारं एक केंद्र शहराबाहेर दीड तासावर होतं. मनगट मोडण्याआधी एकदा तिघं तिथे गेलेही होते, परीक्षणाला आलेल्या ऐसपैस सात सीटच्या गाडीतून. आईने खोली पाहिली, खाट पाहिली, दाराची कडी बाहेरून आहे हे पाहिलं, आणि नवऱ्याचा हात धरून सरळ गाडीत जाऊन बसली. “चल घरी,” एवढंच म्हणाली. या वेळी ती कबूल झाली होती, पण एका अटीवर. “मी सोबत येणार. त्यांच्या सवयी मी सांगणार. आणि मला नाही पटलं तर परत आणणार.”

 दुसऱ्या दिवशी डिकीकरांनी लाल गाडीसाठी संपादकांकडे शब्द टाकला.

ठरलेल्या सकाळी आई फाटकाशी तयार उभी होती. इस्त्रीचे कपडे, बाहेर घालायच्या चपला, चांगल्या हातात पाण्याची बाटली, दुसरा हात प्लास्टरमध्ये. गाडी येऊन उभी राहिली, तिचा आवाज आलाच नाही. आईने वाकून आत पाहिलं, मग मागे पाहिलं. मागे सीट नव्हतीच, काळ्या चामड्याची भिंत होती.

“आज हीच मिळाली,” डिकीकर म्हणाले. “बाराच्या आत पोचायला हवं, आई. नाहीतर खाट दुसऱ्याला जाईल.”

टॅक्सी करता आली असती. आईला ते सुचलं नसेल असं मुळीच नाही. पण आपला मुलगा आपल्याला टाळायला एवढी महागडी गाडी घेऊन आला, हे बघितल्यावर तिला टॅक्सी मागावीशी वाटली नाही. तिने बाटली डिकीकरांच्या हातात दिली आणि नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण एका हाताने लावून दिलं. त्याला बराच वेळ लागला.

“एकवीस दिवस भेटू देत नाहीत ना?” तिने विचारलं.

“हो. रुळेपर्यंत.”

“एकविसाव्या दिवशी मला ओळखतील का रे ते?”

डिकीकरांनी बाबांसाठी गाडीचं दार उघडलं.

सीट जमिनीपासून दीड वीत. बाबा आत बसले ते धपकन, आणि पाय पुढे पसरून इकडेतिकडे बघत राहिले.

“सुरू कर की.”

“झालीय, बाबा.”

“आवाज नाही.” मग सवयीने म्हणाले, “आरसा बघ.”

डिकीकरांनी आरशात पाहिलं. आई फाटकाशी उभीच होती. वळण येईपर्यंत ती हलली नाही.

शहर संपलं, मोठा रस्ता लागला. बाबा खूश होते. पुढच्या ट्रकला शिव्या घालत होते, ‘अंतर ठेव’ म्हणत होते. वर्षभरात इतके चांगले ते कधी दिसले नव्हते. मग बाबा एकदम वळून म्हणाले, “ती कुठे बसलीय?”

“येतेय मागून.”

“मागे सीटच नाही.” त्यांनी त्या चामड्याच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला. “ती राहिली. थांब.”

“बाबा, आता जवळ आलं.”

“थांब म्हणतोय ना.” आणि त्यांनी पाय जोरात खाली दाबला, चाळीस वर्षं दाबत आले तसा. त्या बाजूला काही नव्हतं, नुसती जमीन.

नेमका तेव्हाच डिकीकरांचा पाय दचकून अॅक्सिलरेटरवरून उचलला गेला. विजेची गाडी, पाय उचलला की ती आपणहून मंदावते, ब्रेक लावावा लागत नाही. गाडीचा वेग झपाट्याने उतरला. बाबांनी समाधानाने मान हलवली. आपला ब्रेक लागला असं त्यांना वाटलं.

“हं. आता आरसा बघ, आणि वळवून घे. तिला घेऊ.”

रस्ता मोकळा होता. वळायला जागा होती. डिकीकर पुढे अनेक दिवस त्या जागेचा विचार करत राहिले. घरी नेलं असतं तर काय झालं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी समोर बघितलं आणि पाय पूर्ण दाबला.

संपादक म्हणाले होते ते खरं होतं. तीन सेकंद. बाबांचं डोकं मागे सीटवर आपटलं, तोंड उघडं राहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी दाराची मूठ धरली आणि पाय जमिनीत रुतवला, आणखी आणखी रुतवला. गाडी थांबेना. केंद्राच्या दारापर्यंत त्यांनी तो पाय उचलला नाही.

त्यांना बाहेर काढायला दोन मदतनीस लागले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले. “म्हाताऱ्या माणसाला अशा गाडीतून आणतात का हो?” एक जण म्हणाला. सिस्टरने सवयींचा कागद पुढे केला. झोपताना दिवा लागतो का? आंघोळ आधी पायांवरून की डोक्यावरून? घाबरले की कशाने शांत होतात? गेल्या वीस वर्षांतल्या कुठल्याही गाडीच्या सीटची उंची डिकीकरांनी झोपेत सांगितली असती. कागदावरच्या तेरा प्रश्नांपैकी चारांची उत्तरं त्यांना देता आली.

“आई आल्या नाहीत? त्यांना नक्की माहीत असतं,” सिस्टर म्हणाली.

“जागा नव्हती,” डिकीकर म्हणाले.

दुपारी ते घरी पोचले तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. कपडे तेच, चपलाही पायांतच.

“उतरताना त्रास झाला त्यांना?”

“थोडा.”

“माझं नाव काढलं?”

डिकीकर समोर बसले. तिच्याशी आज एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं त्यांच्याच्याने होईना. “वाटेत थांब म्हणाले. तुला घ्यायला परत वळव म्हणाले. मी नाही वळवली.” आणि मग एकदाचं बोलून टाकलं, “आई, ती गाडी मी मुद्दाम आणली.”

“माहीत आहे. मोठी आणली असतीस तर मी त्यांना परत आणलं असतं. तेही तुला माहीत होतं.”

“तुझा हात मोडला होता गं. उद्या मानेवर आलं असतं.”

“आलं असतं,” ती म्हणाली. भांडण असं झालंच नाही. भांडायला निदान एक बाजू चुकीची लागते. तिने खिडकीतून त्या लाल गाडीकडे बघितलं.

“काय लिहिणार आहेस तिच्याबद्दल?”

“घरात चालणार नाही म्हणून.”

“का? चालेल की.” ती उठली. “मला तिथे न्यायची वेळ आली की हीच आण. तेव्हा घरी ठेवून जायला कुणी उरणार नाही, दोनच सीट पुरतील.”

रागाने म्हणाली असती तर डिकीकरांनी तिचे पाय तरी धरले असते. ती उद्याची भाजी ठरवावी तशी म्हणाली, आणि प्लास्टरचा हात सांभाळत बाबांच्या खाटेवरची चादर काढायला आत गेली.