तुरीच्या खळ्यातलं इंग्रजी

मॅट्रिकच्या इंग्रजीनं मला दोनदा आपटलं होतं. तिसऱ्यांदा आपटले तर मास्तरीण व्हायचा विचार कायमचा सोडायचा, असं मी घरात सांगून टाकलं होतं. राग तेव्हा माझ्या नाकावरच असायचा.

"पाहू," माझ्या सासू एवढंच बोलल्या. त्या सत्यभामाबाई, मी त्यांना मामी म्हणे. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हापासून वस्तीतली एक तरी बाई शाळेत शिकवताना बघायची त्यांची आस होती. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. पण आमचे हे, धर्मपाल, दिग्रसच्या कापसाच्या जिनातल्या कामावरून रविवारी गावी, बोरीला आले, की मामी त्यांच्याकडून इंग्रजी विशेषणं ऐकून तोंडपाठ करत. मग आठवडाभर खळ्यात तुरी झोडताना माझी उलटतपासणी.

"स्लो!" त्या ओरडत. मी "स्लोली" म्हणत काठी हळू मारी. "क्विक!" की "क्विकली", आणि काठी भराभर. "अँग्री" आलं की शेंगांची दैना उडे; ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

एकदा "गुड"ला मी "गुडली" म्हणाले.

"गुडले ली लागत नाही. वेल होते. धर्मपालनं सांगतलं."

"काहून पण?" मी चिडले.

"मोठ्या घरच्यायले कुठं नियम असते, माय! पाठ कर अन् मोकळी हो."

शेजारच्या वच्छलाबाई कुडावरून डोकावल्या. "काहून वं सत्यभामा, सून तुले शिव्या देऊन राह्यली काय?"

"देऊ दे," मामी हसल्या. "इंग्रजीत देऊन राह्यली. पास होईन."

मार्चमध्ये यवतमाळला पेपर दिला. प्रश्न वाचला की मामींचा आवाज कानात येई आणि हात लिहू लागे.

जूनमध्ये धर्मपाल वर्तमानपत्र घेऊन आले. माझा नंबर होता. मी आधी रडले आणि मग पोटभर जेवले. इतकी सुखी मी लग्नातही नव्हते. दिवाळीनंतर गावच्याच शाळेत नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी मी निघाले, तर मामी दारात उभ्या. "बाई, डबा घेतला काय तुमी?"

"मामी, मले काहून अहोजाहो करता? सूनच आहो न मी तुमची."

मामींनी पदर सारखा केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज चढवला.

"घरच्यायनंच मान नाही देल्ला, तं गाव कायले देईन, बाई?"