हात काळे करणारं पाणी

चौकातल्या प्रार्थनाघराच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पायऱ्यांवर होती, कुंपणाच्या भिंतीवर होती, समोरच्या गच्च्यांवरसुद्धा होती. मधोमध टेबल, टेबलावर चिनी मातीचं पांढरं भांडं, भांड्यात पाणी आणि पाण्यामागे बुवा.

डॉक्टरबाई मागच्या पायरीवर गुडघे चोळत बसल्या होत्या. दादांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं, चार वेळा निरोप पाठवला म्हणून त्या आल्या होत्या. दादा प्रार्थनाघराचे विश्वस्त. बुवाला परगावाहून त्यांनीच आणलं होतं. चौतीस वर्षांच्या दवाखान्यात बाईंनी अंगात येणारे, काचा खाणारे, फुंकर मारून मुतखडा पाडणारे असे बरेच पाहिले होते. आता त्यांना राग येत नसे, नुसता थकवा येई.

"हे काय आहे?" बुवानं विचारलं.

"पाणी," लोक म्हणाले.

"पाणी नाही, साक्ष आहे. तिला डोळे नाहीत, तरी तिला दिसतं. कान नाहीत, तरी तिला ऐकू येतं."

नेहमीच्या पेशंटपेक्षा बरी आहे म्हणायची, बाईंच्या मनात आलं.

चौकातल्या सहा जणांनी एकेक करून भांड्यात हात बुडवले. हात होते तसेच बाहेर आले. मग बुवानं बक्कलकाकांना बोलावलं. बक्कलकाका चामड्याचे पट्टे आणि पिशव्या शिवत. प्रार्थनाघराच्याच इमारतीत तळमजल्याच्या खोलीत त्यांचं बावीस वर्षांचं बिऱ्हाड, पुढच्या अर्ध्या खोलीत काम आणि मागच्या अर्ध्या खोलीत संसार. प्रार्थनेला मात्र ते पुलापलीकडे जात. तिकडचं प्रार्थनाघर वेगळं, पुस्तक वेगळं. चौकात चामड्याचं काम करणारं घर तेवढं एकच होतं.

बक्कलकाका थोडे घुटमळले, पण मागून कुणीतरी ढकललं. त्यांनी हात बुडवून वर काढले आणि वीस अंक मोजेपर्यंत बोटं निळसर काळी पडली. मग त्यांच्या बायकोला पुढे केलं. तिचे हातही काळे झाले. पंगतीत कुणाच्या ताटात झुरळ निघावं तशी माणसं मागे सरकली.

"मी काही बोललो का?" बुवा हात जोडून म्हणाला. "मी कुणाचं नाव घेतलं नाही. पाणी बोललं."

हे मात्र खरं होतं. पुढचं सगळं लोकांनीच केलं. त्यांच्यामुळेच इमारतीत आजारपणं वाढली, त्यांच्यामुळेच विहीर आटली, अशी उचलली जीभ लावली टाळ्याला. तासाभरात ठरलं, पुढच्या रविवारपर्यंत खोली रिकामी करायची. कागदावर सही दादांची होती.

बुधवारी बक्कलकाका दवाखान्यात आले. हात इतके घासले होते की कातडी सोलवटली होती, तरी नखांच्या कडेनं काळं राहिलंच होतं.

"डॉक्टरबाई, हा रोग नाही एवढं कागदावर लिहून द्याल? मुलीच्या शाळेत तिच्याजवळ कुणी बसत नाही."

बाईंनी हात उजेडात धरले. तेवढ्यात कंपाउंडर आतून एका बाईला रोजचं वाक्य ऐकवत होता, "रक्तवाढीची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहा लोहाला धरून ठेवतो." हे वाक्य बाईंनीच त्याला शिकवलं होतं. दिवसातून दहा वेळा कानावर पडून त्याचा अर्थ त्यांना ऐकू येईनासा झाला होता. आज आला.

"तुम्ही कातडं कसलं वापरता?"

"झाडाच्या सालीत कमावलेलं. मी आणि बायको दोघंही दिवसभर ते ओलं करूनच वळवतो."

बाईंनी रक्तवाढीची गोळी खलात कुटून पाण्यात ढवळली आणि त्यांना एक स्वच्छ बोट बुडवायला सांगितलं. बोट काळं पडलं. झाडाच्या सालीत जे तुरट असतं तेच चहात असतं. ते लोहाला भेटलं की शाई होते. बुवाच्या भांड्यात हिराकस होता, बाजारात पुड्यांनी मिळणारा, लोहाचाच एक क्षार. थोडासा घातला तर पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं.

बक्कलकाकांनी बोटाकडे पाहून मान हलवली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हे मला माहीत होतं, बाई. गंजलेले खिळे आंबट शिरक्यात भिजवून आम्ही याच रंगानं पट्टे काळे करतो. हात बाहेर काढला तेव्हाच ओळखलं."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"माझ्या तोंडचं कुणी ऐकलं असतं?"

बाईंनी कागद ओढून हा रोग नाही असं लिहून दिलं. आपणही त्या दिवशी पायरीवर बसून राहिलो, उठून काही बोललो नाही, याची त्यांना लाज वाटली आणि त्यांनी ती झटकली नाही.

ते गेल्यावर कंपाउंडर म्हणाला, "बाई, धर्म ही चीजच वाईट. मुळासकट उपटली पाहिजे."

"माझी आई त्याच प्रार्थनाघरात जायची," बाई म्हणाल्या. "बक्कलकाकांची बायको बाळंत झाली तेव्हा दहा दिवस तिचं जेवण आमच्या घरून गेलं. आई म्हणायची, पुस्तकात लिहिलंय, शेजाऱ्याचं पोट आधी."

"मग हे काय चाललंय?"

"तेच मला दादाला विचारायचंय."

दादांनी शनिवारी दुपारी सगळं ऐकून घेतलं, पण खलातल्या पाण्याकडे पाहिलं नाही.

"धर्म असं काही शिकवत नाही," ते म्हणाले. "पुलापलीकडची माणसंच वाईट, तर पाणी काय करणार? आणि बुवा चुकला असेल तर तो चुकला. धर्माला मध्ये ओढू नकोस."

"दादा, बरं झालं की धर्मामुळे आणि बिघडलं की माणसामुळे, हा हिशेब फार सोयीचा आहे. आईची ओळ पुस्तकात आहे. बुवानं रविवारी वाचली ती ओळही पुस्तकातच आहे, परक्याला दाराबाहेर ठेवा म्हणून. दोन्ही मी वाचल्यात. आईनं एक निवडली, तू दुसरी. पुस्तकानं तुझा हात धरून सही केली नाही."

दादांनी खल बाजूला सारला. मग म्हणाले, "उद्या माझ्यावर कर तुझा प्रयोग. माझा हात काळा होणार नाही."

त्यांचा खरोखर विश्वास होता. बाईंना ते पाहून आणखीच दमल्यासारखं झालं.

रविवारी गर्दी दुप्पट होती. बुवानं भांडं भरलं, साक्षीचं पालुपद म्हटलं, आणि दादा उठून टेबलाशी आले. बाईंनी थर्मासमधून चहाचा गार झालेला चोथा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटायला सांगितली. बुवा भांडं उचलायला पुढे झाला.

"राहू द्या की," बाई म्हणाल्या. "साक्ष आहे ना, मग चहाला काय भ्यायचं?"

लोक हसले, बुवाचा हात थांबला. दादांनी चोथा झटकला आणि हात बुडवला. बाहेर काढून त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला, अजूनही खात्रीनं. हळूहळू तळहात काळा झाला.

"दादांच्यातच काहीतरी असेल," मागून कुणीतरी कुजबुजलं. प्रार्थनाघरात पन्नास वर्षं दिवा लावणाऱ्या माणसाला पुलापलीकडचा ठरवायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

बाईंनी मग हिराकस, साल, चहा सगळं सांगितलं. ज्यांना शंका होती त्यांनी चोथा घेतला, हात बुडवले आणि काळे करून घेतले. पुराव्याला पुरावा मिळत गेला. "सैतानानं पाणी बाटवलं," असं बुवा म्हणाला खरा, पण ऐकायला कुणाला सवड नव्हती. सगळे आपापल्या हाताकडे बघत होते. तेवढ्या वेळात बुवा मागच्या दारानं पसार झाला.

मग एक गृहस्थ उभे राहिले. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी शांतपणे विचारलं, "ठीक आहे, पाणी खोटं निघालं. पण खोली रिकामी करायचं तर ठरलंय ना?"

पाचसहा माना होकारार्थी हलल्या.

बाईंना वाटलं, पिशवी उचलावी आणि घरी जाऊन पडावं. चौतीस वर्षं त्या बुवांच्या युक्त्या उघड्या पाडत होत्या आणि प्रत्येक वेळी समजत होत्या की काम झालं. युक्ती हा त्यातला सोपा भाग होता. यांना बक्कलकाका जायलाच हवे होते. बुवानं फक्त निमित्त विकलं.

"असं बघा," त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, कारण उभं राहवत नव्हतं. "देव माना, नका मानू, माझी काही हरकत नाही. पण शेजाऱ्याला बाहेर काढा असं कुणी सांगितलं, मग ते पाणी असो, बुवा असो की पुस्तक, तर आधी विचारा, पुरावा काय. आणि कुणी काही न सांगताच तुम्हाला तसं वाटलं, तर आरशासमोर उभं राहून तेच विचारा. एवढंच. मला याहून मोठं काही येत नाही."

दादांनी खिशातून सही केलेला कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले.

"आपण हे एकदा बसून ठरवू," ते गृहस्थ म्हणाले.

"बसा तुम्ही," दादा म्हणाले. "खोली त्यांच्याकडेच राहील. पुन्हा सही हवी असेल तर दुसरा विश्वस्त शोधा."

बाईंनी पिशवीतून लिंबू काढलं. "यानं जाईल काळं, बरंचसं."

"नको. आधी त्यांच्याकडे जाऊन येतो. याच हातानं."

इमारत अंगणाला लागूनच होती. बहीणभाऊ सावकाश निघाले, एकाला संधिवात आणि दुसरीला गुडघे. तळमजल्याचं दार बंद होतं. दादांनी कडी वाजवली.

आत बोलणं चालू होतं, ते एकदम थांबलं. मग जड काहीतरी फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. दिवाण असावा. तो दाराच्या आतून लावला जात होता.

"मी आहे," दादा म्हणाले. आपण असणं हीच आतल्यांची भीती आहे हे म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. काळा हात कडीवरून खाली आला आणि ते तिथेच पायरीवर बसले.

"थांबतो मी," ते हळू आवाजात दाराला म्हणाले. "तुम्हाला वाटेल तेव्हा उघडा."