डोंगरावरून आणलेला वेळ

डोंगरमाथ्यावरून उतरणारी गाडी घाटात दरडीपाशी अडकली, तेव्हा डिझेलचा काटा तळाला टेकला होता. मागे घड्याळबाई फ्रीजएवढ्या पेटीला खेटून बसली होती. पेटीत अणुघड्याळ होतं, उसनं आणलेलं, उद्या परत द्यायचं. त्याची स्वतःची बॅटरी पार म्हातारी. गाडीचं इंजिन चालू होतं म्हणून त्याचा जीव टिकून होता.

"मॅडम, इंजिन बंद करू? दरड काही लवकर हलत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"नको हो दादा, पाया पडते!"

"एका घड्याळापायी?"

तिने समजावलं. पृथ्वीच्या जवळ वेळ किंचित हळू चालतो, उंचावर किंचित भरभर. जोडीचं घड्याळ खाली घराच्या तळघरात धाकट्या बहिणीपाशी होतं. हे वर राहून केवढं पुढे गेलं, ते दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळणार. मध्ये क्षणभर जरी थांबलं, तरी साठवलेलं सगळं पाण्यात.

"म्हणजे वर माणूस लवकर म्हातारा होतो? मग सासूबाईंची तिथेच सोय करतो!"

ती कसंनुसं हसली. ती खाली उतरली आणि मागच्या प्रत्येक गाडीपाशी पदर पसरल्यासारखी उभी राहिली. थोडं डिझेल, बाटलीभर तरी! पण सगळ्यांनाच पुढचा घाट उतरायला डिझेल हवं होतं. एकाने काच अर्धीच खाली केली. "घड्याळासाठी डिझेल? मोबाइलमध्ये बघा की, वेळ फुकट मिळते!"

ती परतेपर्यंत इंजिन खोकून गप्प झालं होतं. पेटीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. तिने पेटीवर दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले. देवा, एवढं निभावून ने. डोळे उघडले तेव्हा दिवाच नव्हता.

तिने बहिणीला फोन लावला. "गेलं गं."

धाकटी हळूच म्हणाली, "ताई, ऐक. किती फरक यायला हवा ते आपल्याला पाठ आहे. इथे आणलंस की चालू करू, तेवढं पुढे लावू. कोणाला कळणार आहे?"

"मग वर कशाला नेलं होतं?"

"उद्या ते परत जाईल, ताई! पुन्हा कोण देणार आपल्याला?"

"कोणी नाही." ती म्हणाली. "लिही, घड्याळ वाटेत बंद पडलं. निष्कर्ष नाही."

"नाही लिहिणार मी!" धाकटी रडू लागली.

"मग मी येऊन लिहिते."

तेवढ्यात पुढे आरडाओरडा झाला. दरड बाजूला सारली होती, रस्ता मोकळा. मागच्या गाड्या एकसुरात हॉर्न ठोकू लागल्या. घड्याळबाईने फोन खिशात टाकला, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन गाडीला खांदा लावला, आणि ती दोघं मेलेली गाडी रस्त्याच्या कडेला ढकलू लागली.