मागचे शॉकअप

दत्तोपंतांची जुनी फियाट म्हणजे डोक्याला नुसता ताप होता. आठवडाभर शाळेत गणित शिकवून माणूस पार पिळून निघालेला, त्यात रविवारी तरी पडून राहावं! पण नाही. नांदेडच्या त्या उन्हात शरणप्पाच्या गॅरेजात स्टुलावर बसले होते बिचारे.

कारण होती मालविका. त्यांची मुलगी. दीड वर्षापासून ती बारावीसाठी लातूरला खोली करून राहत होती. डॉक्टर व्हायचं होतं तिला. तेव्हा सगळा मराठवाडाच आपली पोरं लातूरच्या क्लासला नेऊन सोडत होता. दिवाळीला तेवढी ती घरी यायची. पण तिची आई, चंद्रप्रभाबाई, लातूरला एकदाही गेल्या नव्हत्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचा मुलगा मुकुल गेला. नऊ वर्षांचा होता, किल्लारीकडं आजोळी राहिला होता. तेव्हापासून चंद्रप्रभाबाईंना हलणारं काही सोसत नसे. एसटी तर नकोच, आणि ही फियाट? "खड्डा मागं गेला तरी हलतच राहते हो ती," म्हणायच्या.

पण मागच्या रविवारी मालविका फोनवर रडली. "सगळ्यांच्या आया येतात बाबा. माझ्याच आईला मी नको झाले का?" मग दत्तोपंतांनी ठरवलं, गाडीचं हलणंच बंद करायचं, आणि तसं तिला सांगूनही टाकलं.

शरणप्पानं डिकीचा कोपरा जोर लावून दाबला नि सोडला. गाडी चारदा खालीवर झाली.

"बघा सर. एकदा बसून, एकदा उठून गप उभं राहायला पायजे. ही तर झोका खेळून राहिली!"

"म्हणजे हलण्याचं कारण हेच?"

"हाव. स्प्रिंग उडवती, शॉकअप तिला आवरतो. तुमच्या शॉकअपात आवरायला जीवच न्हाई."

त्यानं गाडी जॅकवर घेतली. दोन्ही शॉकअपांतून तेल झिरपून त्यावर धुळीचा थर बसला होता. नट गंजून असे अडकले होते की रॉकेल ओतून अर्धा तास वाट बघावी लागली. तरी एक निघेना. शरणप्पानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठं तो हलला. निघालेला शॉकअप त्यानं दत्तोपंतांच्या हातात दिला. दाबला तर सुरकन आत गेला नि तिथंच राहिला. दत्तोपंतांना वाटलं, आपलीही गत काही वेगळी नाही.

नवे दोन्ही बसले. खालचे नट मात्र शरणप्पानं सैलच ठेवले. "आधी गाडी स्वतःच्या पायावर उभी राहू द्या. आत्ताच आवळलं तर शॉकअपच्या टोकातलं रबर पिळवटून मरतं," म्हणाला. मग गाडी खाली घेऊन त्यानं ते आवळले.

दुपारी दत्तोपंत घरी पोचले. किती दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं! बायकोला हाक मारून त्यांनी अंगणात बोलावलं आणि डिकी दाबून दाखवली. गाडी बसली, उठली, थांबली.

"बघ! नवे शॉकअप टाकले. आता हलायचं नाव नाही. येत्या रविवारी आपण लातूरला."

चंद्रप्रभाबाईंनी स्वतः दाबून पाहिलं. दोनदा. मग त्या पायरीवर बसल्या.

"कशाला केलंत हो हे?"

"अगं, तूच म्हणायचीस ना?"

"म्हणायचे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मुकुल माझ्यासोबतच निघाला होता. चपला घालून उभा होता. मीच म्हटलं, राहा, गणपती बुडवून ये. दुसऱ्याच्या छपराखाली लेकरू ठेवून मी परत आले. आता मालविकाला लातूरच्या त्या खोलीत बघितलं तर हाताला धरून घेऊन येईन मी. मग कुठली बारावी नि कुठली डॉक्टर! स्वतःला ओळखते मी. गाडी हलते म्हटलं की तिला निदान माझा राग येत नव्हता. आता काय सांगू तिला?"

दत्तोपंत गाडीला टेकून उभे राहिले. दीड वर्ष आपण गाडीवर खापर फोडत राहिलो, हिला एकदा नीट विचारलंसुद्धा नाही, याची त्यांना लाज वाटली.

आत फोन वाजला. रविवारी या वेळेला मालविकाचाच यायचा. चंद्रप्रभाबाई जागच्या उठल्या नाहीत. दत्तोपंत आत गेले आणि रिसीव्हर उचलला.

"नाही गं बाळा," ते म्हणाले, "एवढ्या जुन्या गाडीचे शॉकअप आता मिळतच नाहीत."