पंपावरच्या म्हाताऱ्याचं नाक

प्रागमधल्या त्या एवढ्याशा चौकात एक लोखंडी हातपंप होता, आणि त्याच्या तोटीवर व्होडनिकाचं पितळी मुंडकं. व्होडनिक म्हणजे नदीच्या तळाशी राहणारा हिरवा म्हातारा. बुडालेल्यांचे आत्मे झाकणाच्या कपात घालून ठेवतो म्हणे. ब्लाझेना आजी लहानपणापासून इथलंच पाणी भरायची. तिच्या खिडकीतली फुलं याच पाण्यावर वाढली, आणि बोहुमिलनं तिला लग्नाचं विचारलं तेही इथेच, तिच्या हातात भरलेली बादली असताना. उत्तर देईपर्यंत त्यानं ती खाली ठेवू दिली नव्हती.

आणि आता समोरच्या कॅफेवाल्या हावेल्काला तिथे टेबलं मांडायची होती. त्यानं अर्ज केला, वरून मंजुरी आली, आणि पंपाच्या दांड्यावर नोटीस लटकली. महिनाअखेरीला पंप उचलून गोदामात टाकणार.

"कुणी बघतं का त्याच्याकडे, आजी?" हावेल्का म्हणाला. "पाहुणे येतात ते पूल बघायला, किल्ला बघायला. तुमच्या पंपाजवळ कुत्रंही फिरकत नाही."

"फिरकतं की. तुझ्या कॉफीजवळ फिरकत नाही."

पण बोलणं जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

आजीनं सारा जन्म पाहुण्यांना शहर दाखवण्यात घालवला होता. पुलावरचे दगडी संत हिवाळ्यात खाली उतरून पाय शेकतात, असं तिनं भल्याभल्या प्रोफेसरांच्या गळी उतरवलं होतं. पाहुण्याची जात तिला आतून-बाहेरून माहीत. त्या पुलावर एका संताच्या पायाशी पितळी चित्र आहे, लोक नशीब उघडावं म्हणून त्याला हात लावतात. शेजारच्या चित्रात एक कुत्रा आहे. त्याचा नशिबाशी काडीचा संबंध नाही, तरी तोही घासूनघासून लखलखतो. लोक पुण्य बघून हात लावत नाहीत, चकाकी बघून लावतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आजी व्हिनेगर, मीठ आणि बोहुमिलचा जुना मोजा घेऊन खाली उतरली. तिनं फक्त नाक घासलं. सगळं तोंड घासलं असतं तर कुणीतरी साफसफाई केली असं दिसलं असतं. नुसतं नाक चमकलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या हात फिरल्यासारखं दिसायला लागलं.

मग ती विणकाम घेऊन बाकावर जाऊन बसली.

एक जर्मन जोडपं आलं, थबकलं. "आजीबाई, याचं नाकच तेवढं का हो चमकतं?"

"सर्दी झालेली त्याला," आजी सुईवरची नजर न काढता म्हणाली. "इथल्या एका धोबिणीवर जीव जडला. तिच्यासाठी भर थंडीत पाण्याबाहेर बसला आणि असा शिंकला, की किल्ल्यावरच्या घंटा वाजल्या. तिनं एप्रनच्या टोकानं त्याचं नाक पुसलं. तो इतका विरघळला, की सगळे कप उघडून त्यानं आत्मे सोडून दिले. निम्मे स्वर्गात गेले, निम्मे बिअरच्या फेसात राहिले. तेव्हापासून याचं नाक पुसलं, की हरवलेलं परत मिळतं."

दोघांनी मुकाट्यानं म्हाताऱ्याचं नाक पुसलं.

रादोवान नावाचा तरुण गाइड पिवळी छत्री उंच धरून, वीसेक माणसं घेऊन चालला होता. तो थांबला. "आजी, पाण्यातल्या माणसाला सर्दी?"

"तुला बिअर पिऊन तहान लागते ना, तशीच."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकं मागून आली रे राजा."

त्याच्या घोळक्यातली एक बाई कुरकुरत होती, तिची लाल टोपी सकाळपासून सापडत नव्हती. आजीनं ती हावेल्काच्या कॅफेत, काचेजवळच्या खुर्चीखाली केव्हाच पाहिली होती. "नाक पुसा बाई," ती म्हणाली, "आणि समोर जाऊन शांतपणे कॉफी घ्या. घाई केली तर तो रुसतो."

कॉफी अर्धी व्हायच्या आत बाई टोपी नाचवत बाहेर आली. रादोवान तिच्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच सांगत होता, "डावा हात लावायचा, डोळे मिटून." हे आजीनं कधीच म्हटलं नव्हतं. तिला ते फार आवडलं.

मग काय विचारता. रांग लागली. रांगेतल्यांना तहान लागली, भूक लागली, आणि हावेल्काचे कप कमी पडायला लागले. त्यानं आल्याची, नाकाच्या आकाराची बिस्किटं भाजली. ती दुपारीच संपायची. आजीकडे मात्र तो बघायचं टाळायचा.

महिनाअखेरीला ट्रक आला. मुकादमानं पान्हा काढून पंपाच्या बुंध्याला लावला, आणि आजीच्या हातातली सुई थांबली. तेवढ्यात हावेल्का एप्रनसकट धावत आला.

"ए, हात लावू नका त्याला."

"साहेब, अर्ज तुमचाच आहे."

"तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ही चारशे वर्षांची परंपरा आहे, माहितीये?"

मुकादमानं वाकून बुंध्यावर कोरलेलं साल वाचलं. "पंपाला शंभरसुद्धा झालेली नाहीत."

"पंप नवा आहे," आजी बाकावरून म्हणाली. "सर्दी जुनी आहे."

"ओ पान्हावाले, रांग मागून आहे," कुणीतरी ओरडलं. मुकादमानं कचेरीत फोन लावला, अर्जदारच नको म्हणतोय असं सांगितलं, बराच वेळ 'हो, हो' केलं, आणि नोटीस उपटून ट्रकमध्ये फेकली. जाताजाता त्यानं डोळे मिटून डावा हात लावलाच.

हावेल्का आजीसमोर आला. हातात बिस्किटांची बशी होती. "आजी, ती धोबीण... खरी होती का हो?"

"तुझी बिस्किटं खरी आहेत ना? खा गुपचूप," म्हणत आजीनं त्याचंच एक बिस्किट त्याला दिलं, दोन स्वतः घेतली, आणि बादली उचलून पंपाकडे निघाली.

"आजी, रांग तिकडून आहे," एका मुलीनं तिला अडवलं. "आणि डावा हात लावायचा बरं का."

"का गं?"

मुलीनं सगळी गोष्ट सांगितली. त्यात आता धोबिणीच्या हातात भरलेली बादली होती, आणि उत्तर देईपर्यंत व्होडनिकानं ती खाली ठेवू दिली नव्हती. गोष्ट रादोवानकडून आली होती, आणि त्याला बादलीचं कुणी सांगितलं, ते आजीला बरोबर आठवलं: तिनंच, एकदा बाकावर बसल्याबसल्या.

"अस्सं होय?" ती म्हणाली, आणि रिकामी बादली झुलवत, मान ताठ ठेवून रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. शेपूट पार कोपऱ्याच्या पलीकडे गेलं होतं.