तिसरी बशी

आमच्याकडे घरोघरी संडासाच्या दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यात वार नसतात, साल नसतं. नुसत्या तारखा आणि नावं. त्यामुळे ते कधी जुनं होत नाही. माझ्या कॅलेंडरवर चौदा नोव्हेंबरपुढे ‘आई’ असं लिहिलेलं आहे, आणि ते आईनेच लिहिलंय. मी ॲमस्टरडॅमजवळ हारलेमला घर घेतलं तेव्हा ती पेन घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. सगळ्या नातेवाइकांच्या तारखा तिला पाठ होत्या. बाहेर येऊन म्हणाली, “आता कुणाचा विसरलीस तर चूक तुझी.”

ती सप्टेंबरात गेली. नोव्हेंबरचं पान मी उलटलं आणि ते नाव तिथेच होतं, ठसठशीत, निळ्या शाईत. खोडायचं की नाही, याचा आमच्याकडे काही नियम नाही.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला.

“चौदाला. साडेबारा वाजता.”

“काय आहे चौदाला?”

“पॉफर्चेस. आईने मागच्या वर्षीच सांगून ठेवलंय. ठरलेलं मोडायचं नाही.”

मला आठवतंय तेव्हापासून आईचा वाढदिवस आई-बाबांच्या गावी, झुटफेनच्या त्या पॉफर्चेसच्या घरातच, म्हणजे आप्प्यांएवढ्या गोड धिरड्यांच्या हॉटेलातच होत आला. निघताना ती दाराशी थांबून पुढच्या वर्षीची तारीख जाड वहीत लिहून घ्यायची. बाबा कोट चढवत म्हणायचे, “आलेडा, वर्षभरात मेलो तर?” त्यावर ती म्हणायची, “मग दुसऱ्या कुणाला तरी बसू देत. जागा अडवायची नाही.”

मी येते म्हटलं. मला पॉफर्चेस खायचे नव्हते. मला बाबांना एक प्रश्न विचारायचा होता आणि दोन महिने तो फोनवर विचारता आला नव्हता. आईने शेवटी माझी आठवण काढली का? आणि काढली असेल, तर मला का बोलावलं नाही?

झालं होतं ते असं. आमच्यात न ठरवता कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही, पोटची मुलगीसुद्धा. आई आजारी होती, पण डॉक्टर म्हणत होते की अजून काही आठवडे आहेत. मी गुरुवारी तीन वाजता जायचं ठरलं होतं. सोमवारी तिचा फोन आला. आवाज फार बारीक झाला होता. मी विचारलं, “आजच येऊ का?” ती म्हणाली, “गुरुवार ठरलाय ना? उगीच धावपळ नको.” मी समोरची डायरी पाहिली. मंगळवारी शाळेत पालकसभा, बुधवारी सहावीचे पेपर. मला हायसं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बुधवारी दुपारी बाबांचा फोन आला: “संपलं, योरिन. तू उद्या येणारच होतीस, पण आता आजच ये.”

चौदा तारखेला पाऊस नव्हता, नुसतं ओलं धुकं होतं. बाबा माझ्या आधीच पोचून दाराबाहेर उभे होते. दाढी नीट केलेली, पण हनुवटीखाली एक पट्टा राहून गेलेला. तो आईला दिसला असता.

“दोन मिनिटं उशीर,” ते म्हणाले.

“आपेलडोर्नला गाडी बदलताना वेळ गेला.”

त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि दार ढकललं.

आत काहीच बदललं नव्हतं. जत्रेतल्या जुन्या तंबूसारखं सजवलेलं ते घर. भिंतीभर सोनेरी चौकटींचे डागाळलेले आरसे, दोन्ही बाजूंना लाल पडद्यांच्या लहान लहान खोल्या, आणि मधोमध खळग्याखळग्यांचा तो प्रचंड तवा. त्यामागे उभा असलेला माणूस हाताकडे न बघता काट्याने एकेक पॉफर्चे उलटत होता. कोपऱ्यातली बाजाची पेटी आपोआप वाजत होती, जरा बेसूर. जळत्या लोण्याचा वास कोटात शिरला. वाढणाऱ्या मुली जुन्या काळच्या पांढऱ्या लेसच्या टोप्या घालतात. आमच्या वाट्याला आली तिच्या टोपीखालून जांभळे केस डोकावत होते. छातीवर नाव होतं, लोबके. ती वहीवरून बोट फिरवत आली आणि तिचा चेहरा उजळला.

“खिडकीजवळची खोली! वाढदिवस!” तिने बाबांचा हात धरून हलवला. “काका, बायकोबद्दल अभिनंदन!” मग माझा हात. “ताई, आईबद्दल अभिनंदन! खूप वर्षं लाभोत!”

आमच्याकडे वाढदिवस एकट्याचा नसतो. ज्याचा असतो त्याच्या सगळ्या घरादाराचं अभिनंदन करायचं असतं. लहानपणापासून मी हे हजारदा ऐकलंय, हजारदा म्हटलंय. माझ्या तोंडून सवयीने “थँक यू” निघून गेलं.

“आणि वाढदिवसाच्या बाई कुठायत?” लोबके आमच्या मागे पाहत म्हणाली. “गाडी लावतायत का?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, “येतेय ती. वाटेत आहे.”

“मग मी तिन्ही बश्या लावूनच टाकते. गरम गरम!”

ती गेली. आम्ही खोलीत बसलो. बाबा खिडकीकडे तोंड करून, मी त्यांच्यासमोर. आईची खुर्ची कडेला होती. तिच्यावर बाबांनी आपली टोपी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

“बाबा, हे काय सांगितलंत तुम्ही?”

“काय सांगितलं?”

“येतेय म्हणून.”

“त्या पोरीचा सकाळचा मूड कशाला घालवायचा?”

“आता साडेबारा वाजलेत.”

“बरं, दुपारचा.”

माझे बाबा चाळीस वर्षं धरणखात्यात पाण्याची पातळी मोजत होते. एक सेंटीमीटर वर नाही, एक खाली नाही. आईने नवा झगा घालून विचारलं की मी जाड दिसते का, तर ते “हो, थोडी” म्हणायचे, आणि मग दोन दिवस घरात शांतता असायची. या माणसाला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि आता ते इतक्या सहज बोलले होते, जणू सवय झाली होती.

बश्या आल्या. पॉफर्चेस फुगलेले, कडेला तपकिरी, वर लोण्याची वितळती चकती आणि पिठीसाखरेचा ढीग. तिसऱ्या बशीत कागदी झेंडा खोचलेला होता. लोबकेने ती आईच्या जागी ठेवली आणि झेंडा सरळ केला.

“पूर्वी चोवीस असायचे,” बाबा आपल्या बशीकडे बघत म्हणाले. “आता वीस.”

“काका, तुम्ही मोजले?” लोबके हसली.

“मोजावं लागत नाही. दिसतं.”

ती हसत पडदा ओढून गेली. बाबांनी काटा उचलला नाही. मीही नाही. पेटीतलं गाणं संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तिसऱ्या बशीतलं लोणी साखरेत उतरत होतं, साखर करडी होत चालली होती.

मी ठरवून आले होते की सावकाश विषय काढायचा. तसं काही झालं नाही.

“मला फोन का केला नाहीत?”

त्यांनी विचारलं नाही, कुठला फोन.

“तू गुरुवारी येणार होतीस.”

“बाबा, ती मरत होती.”

“ते मला नंतर कळलं.”

“तिने माझं नाव काढलं की नाही? एवढंच सांगा. नसेल काढलं तरी चालेल.”

हे खरं नव्हतं, पण मी म्हटलं. बाबांनी टोपी मांडीवर फिरवली, एकदा, दोनदा.

“बुधवारी सकाळी उठली तर बरी होती. म्हणाली, आज कोण वार? मी म्हटलं, बुधवार. म्हणाली, मग अजून एक दिवस. आणि डोळे मिटले.” ते थांबले. “दहा वाजता परत विचारलं. तेव्हा तिचा श्वास कसातरीच चालला होता. मी म्हटलं, गुरुवार.”

“पण बुधवार होता ना?” मी म्हटलं.

“तोंडातून निघालं. मग परत कसं घेणार? ती म्हणाली, अगंबाई, योरिन येईल, माझे केस बघ. मी केस विंचरले. मला काय येतंय. भांग वाकडा पडला. म्हणाली, निळं जाकीट दे. ते घालता येईना, तर अंगावर पसरलं. म्हणाली, गाडी सुटली का तिची? म्हटलं, सुटली. मग मी सांगत बसलो. ॲमस्टरडॅम गेलं. आमर्सफोर्ट गेलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, तिला खिडकीची जागा मिळाली असेल का? म्हटलं, मिळाली.”

“तेव्हाच फोन करायचा होता,” मी म्हटलं. “मी निघाले असते.”

“केला असता तर तू हारलेमला आहेस हे मला ऐकू आलं असतं.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “मागे पोरांचा गलका असता. मग परत आत जाऊन मी तिला आमर्सफोर्ट कसं सांगितलं असतं? मला ते जमलं नसतं, योरिन. मला एकच जमण्यासारखं होतं.”

खिडकीबाहेर एक बाई सायकलला कुलूप लावत होती. कुलूप लागत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा खटपट करत होती.

“मग?” मी विचारलं.

“मग आपेलडोर्न. म्हटलं, आता गाडी बदलतेय. तिला माहीत होतं की तिथे चारच मिनिटं असतात. तिने विचारलं, दुसरी गाडी मिळाली का?” बाबांनी बशी थोडी पुढे सरकवली. “मी म्हणणारच होतो. पण त्याच्या आधीच...”



बुधवारी साडेदहाच्या सुमाराला मी कुठे होते, ते मला पक्कं माहीत आहे. सहावीच्या वर्गात पेपर वाटत होते. वर्ग शांत होता. एका मुलीने हात वर करून विचारलं होतं की पेन्सिलीने लिहिलं तर चालेल का. मी हो म्हटलं होतं. आणि त्याच वेळी तिकडे मी गाडीत होते, खिडकीशी, आमर्सफोर्टच्या पुढे. आईच्या जगात मी वेळेवर निघाले होते. हे चांगलं की वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. ती माझी वाट बघत गेली. बाबांनी ती वाट तिच्यासाठी स्टेशनामागून स्टेशन बांधली, आणि मी त्या सगळ्यात कुठेच नव्हते.

पडदा सरकला.

“अजून नाही आल्या?” लोबकेने तिसरी बशी पाहिली. “अरेरे, हे तर दगड झालं! नेते मी, त्या आल्या की ताजं आणते.”

तिने बशीला हात लावला. बाबांनी आपला हात तिच्या मनगटावर ठेवला, हलकेच.

“ती येणार नाही, बाळ,” ते म्हणाले. “माझी बायको सप्टेंबरात वारली.”

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. दफनाच्या दिवशीही ते “झालं ते” एवढंच म्हणत होते.

लोबकेचा चेहरा टोपीच्या लेससारखा पांढरा पडला. “आणि मी... मी तर तुमचं अभिनंदन केलं. देवा! मला माफ करा, काका. वहीत लिहिलं होतं, म्हणून...”

“वहीत बरोबर लिहिलंय. वाढदिवस आजच आहे.” त्यांनी तिचा हात सोडला. “बशी राहू दे.”

ती पडदा नीट न ओढताच गेली. फटीतून तवा दिसत होता, आणि न बघता उलटणारा तो हात.

“टाकून दिलेलं तिला चालायचं नाही,” बाबा म्हणाले. त्यांनी झेंडा काढून खिशात ठेवला आणि बशी आमच्या दोघांच्या मध्ये ओढली. आम्ही ते गार पॉफर्चेस खाल्ले, आळीपाळीने, एक त्यांनी, एक मी. थिजलेलं लोणी टाळूला चिकटत होतं. शेवटचा कुणी घ्यायचा यावरून आई असताना नेहमी भांडण व्हायचं. या वेळी तो बराच वेळ तसाच राहिला. मग बाबांनी काट्याने त्याचे दोन तुकडे केले, अगदी सारखे.

निघताना दाराशी जाड वही उघडीच होती. लोबके मान खाली घालून उभी होती. तिने पुढच्या वर्षाचं विचारलं नाही. बाबाही थांबले नाहीत.

त्यांनी मला स्टेशनवर सोडलं नाही. नदीच्या बाजूने चालत घरी जातो म्हणाले. आम्ही तीनदा गालाला गाल लावले. दाढीचा राहिलेला पट्टा टोचला. नाताळात कधी यायचं, ते ठरवायचं राहून गेलं, आणि ते गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

आपेलडोर्नला उतरून मी फलाट ओलांडला. चार वाजायला आले होते, दिवे लागले होते. दुसरी गाडी उभी होती. आत शिरले, तर खिडकीची एक जागा रिकामी होती. तिथे बसावं की नाही, असा विचार करत मी उभीच राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा कामाशिवाय फोन करत नाहीत, आणि ठरवल्याशिवाय तर नाहीतच.

“कुठे आहेस?”

“आपेलडोर्न.”

पलीकडे नदीवरचा वारा ऐकू येत होता. दारं बंद होण्याची शिटी झाली.

“दुसरी गाडी मिळाली का?” बाबांनी विचारलं.

“मिळाली,” मी म्हटलं.